आत्याचा टाका

इरावती खरगोणकरांच्या दुकानाला शटर नाही, पाटी नाही, समोर बसायला बाकडंसुद्धा नाही. देवासला माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी पिठाची चक्की आहे, तिच्यावरच्या मजल्यावर एक खोली. खोलीत शिलाई मशीन, मलमलीचे तागे, गोटाच्या रिळांचा डबा आणि खिडकीत चार्जिंगला लावलेला मोबाईल. तो मोबाईल म्हणजेच दुकान. खाली चक्की सुरू झाली की वरचं मशीनही थरथरायला लागतं, आणि बाई म्हणतात, "बघा, मी हात लावला नाही तरी काम चालू!"

या खोलीतून गेल्या चार वर्षांत हजारावर कुंच्या बाहेर पडल्या. भोपाळ, नागपूर, रायपूर, आणि एक तर थेट दुबईला. कुंची म्हणजे काय ते हल्ली मराठी घरातही सांगावं लागतं, म्हणून सांगून टाकते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालायची, पण टोपड्यासारखी मानेपाशी न संपता पाठीवरून पार कमरेपर्यंत उतरणारी. पुढे झालर, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. घातली की बाळाचा चेहरा तेवढा दिसतो, आणि बघणाऱ्याला ते उचलून घेतल्याशिवाय राहवत नाही.

हजार बाळांची डोकी झाकणाऱ्या या बाईंचं वय बेचाळीस, आणि पोटी मूल नाही. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याचभोवती फिरतं. शिवाय देवासात कुणी नवीन भेटलं की पहिलं हेच विचारतं, मग तुमच्यापासून तरी कशाला लपवा! आणि बाईंना बाई म्हणत बसले तर गोष्ट लांबेल, म्हणून मी नुसती इरावतीच म्हणणार.

इरावती मूळची धारची, पोतनीसांकडची. वडील दत्तोपंत तहसिलीत कारकून, आई अमझेऱ्याच्या शाळेत मास्तरीण. आई सकाळच्या बसने जायची ती दिवे लागायच्या वेळी परत, त्यामुळे इरावतीला आणि तिच्या धाकट्या भावाला, मननला, वाढवलं ते जमुनाआत्याने. जमुनाआत्या दत्तोपंतांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, माहेरी परत आली ती कायमची. धारमधल्या कुठल्याही मराठी घरात पाळणा हलला की निरोप यायचा, "जमुनाबाई, कुंची हवी हं." मग आत्या दुपारभर दाराच्या उजेडात बसायची, आणि इरावती शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची. ओवता ओवता शिवायलाही शिकली.

जमुनाआत्याची एक रीत होती. कुंची सगळी शिवून व्हायची, झालर लागायची, बंद लागायचे, पण डाव्या बंदाच्या मुळाशी शेवटचा एक टाका ती घालायचीच नाही. लाल दोरा चार बोटं लोंबता ठेवायची. तो टाका बाळाच्या आत्याचा. बारशाला आत्या येणार, टाका घालून गाठ मारणार, मग कुंची बाळाच्या डोक्यावर चढणार, आणि मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगणार. लहानपणी इरावतीने विचारलं होतं, "असं का गं?" तर आत्या म्हणाली, "कानात घातलेलं नाव डोक्यातून निसटू नये म्हणून वर टाका मारायचा. तुझ्या वेळी मी ढिला मारला, म्हणून तर तुला हाक मारली की चार वेळा मारावी लागते."

ही रीत पोतनीसांच्या घरापुरतीच होती की आणखी कुठे होती, देव जाणे. पण धारमध्ये सगळ्यांना ती ठाऊक होती. त्यामुळे इरावतीला वाटायचं, जगातल्या प्रत्येक कुंचीला एक टाका कमीच असतो. या समजुतीने पुढे तिचं दुकान बुडायची वेळ आणली.

लग्न होऊन ती देवासला आली. नवरा अंशुल एका खाजगी शाळेत गणिताचा मास्तर, स्वभावाने हसरा, कुठल्याही अडचणीचं त्रैराशिक मांडून दाखवणारा. आठ वर्षं दोघांनी इंदूरच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले. नवव्या वर्षी दवाखान्यातून बाहेर पडताना अंशुल म्हणाला, "बस झालं इरा. चल, पोहे खाऊ." त्या दिवशी दोघं सराफ्याच्या खाऊगल्लीत पोटभर खाऊन घरी आले आणि पुन्हा त्या दवाखान्यात गेले नाहीत. हे सांगताना इरावती आजही म्हणते, "मला माणूस चांगला मिळाला हो."

शेजारच्या काकूंना नातू झाला तेव्हा तिने हौसेने कुंची शिवून दिली. काकूंनी तोंडभर हसून घेतली. पंधरा दिवसांनी गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली, तिने गाठोडं सोडलं, आणि वरतीच ती कुंची! घडी मोडलेली नव्हती. बाळाच्या डोक्याला तिचा स्पर्शही झाला नव्हता. का, ते इरावतीला विचारावं लागलं नाही. तिने घरातल्या दोन चांगल्या साड्या त्या बाईला दिल्या आणि आपलीच कुंची परत घेतली. मग जिन्यात बसून रडली.

अंशुल शाळेतून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, कुंची हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "मोबाईलवर टाक ही. तिथे लोकं माल बघतात. तुला मुलं किती, ते कोण विचारतंय तिथे?"

खरं सांगू का, ऑनलाइन धंद्यावर लोक काय काय बोलतात, माणूस माणसाला भेटत नाही, ओळख राहत नाही. इरावतीला विचाराल तर ती म्हणेल, माणूस भेटत नाही हेच तर बरं. तिने एका ॲपवर दुकान काढलं, आत्याच्या नावाने 'जमुना कुंची' नाव दिलं, आणि परत घेतलेल्या त्याच लाल कुंचीची छान घडी घालून फोटो टाकला. खाली हिंदीत लिहिलं: 'कुंची. हाथ से बनी, बहुत मुलायम, तीन साइज़ में.'

आठवडाभर काहीच नाही. मग एकदम तीन कुंच्यांची ऑर्डर आली, तिन्ही साइजच्या, सोनकच्छहून! इरावतीने टेकडीवर जाऊन नारळ फोडला. कुंच्या शिवल्या, पाठवल्या. पाचव्या दिवशी फोन.

"मैडम, मैं राजवीर पेंटर बोल रहा हूँ, सोनकच्छ से. मैंने कूँची मँगाई थी, आपने तो टोपा भेज दिया. इससे दीवार पोतूँ क्या?"

हिंदीत कूँची म्हणजे रंगाचा ब्रश! मुलायम, हाताने बनवलेला, तीन साइजमध्ये. त्या बिचाऱ्याला वाटलं, फोटोत माल लाल कापडात गुंडाळून ठेवलाय. इरावतीला आधी घाम फुटला आणि मग असं हसू आलं की थांबेचना. "अरे भिया, हमारे यहाँ इसी को कुंची कहते हैं," ती कशीबशी म्हणाली. पलीकडून तोही हसायला लागला. योगायोग बघा, त्याच्या बहिणीला नुकतीच मुलगी झाली होती. त्याने माल परत केला नाही, तिन्ही कुंच्या ठेवून घेतल्या, म्हणे भाची मोठी होईल तशी घालेल. "पण मैडम, एक धागा छूट गया है." इरावतीने सांगितलं, तो बुआचा, म्हणजे आत्याचा टाका आहे, बाळाची बुआ घालेल. राजवीरला ते इतकं आवडलं की भाचीच्या बुआला खास आष्ट्याहून बोलावून घेतलं, टाका घालतानाचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला, 'कूँची मँगाई, कुंची आई.' त्या एका फोटोवर सोनकच्छहून अकरा ऑर्डरी आल्या. इरावती दर दिवाळीला त्याला चिवड्याचा डबा पाठवते. ज्याने पहिलं पाऊल चुकून टाकलं, त्याचे उपकार जास्त मानायचे, असं तिचं म्हणणं.

धंदा वाढला. चक्कीवाल्याची बायको झालरीच्या चुण्या घालायला वर येऊ लागली. कुरियरचा माणूस रोज चारला जिन्याखालून हाक मारायचा. आणि मग तक्रारी सुरू झाल्या.

'सिलाई अधूरी है.' 'धागा लटक रहा है.' 'डोरी कच्ची लगी है, चेक करके नहीं भेजते क्या?' आता राजवीर फोन करणारा माणूस होता, म्हणून त्याला कळलं. बाकीचे कशाला फोन करतात? बटण दाबलं, माल परत. आणि इरावतीला वाटायचं, इतकं काय सांगायचं, कुंचीचा टाका आत्या घालते हे काय कुणाला माहीत नसतं! साडेचार तारे होते ते तीनवर आले. ॲपवाल्यांचं पत्र आलं, आणखी माल परत आला तर दुकान बंद करू.

"घालून टाक तो टाका," अंशुल म्हणाला. "एका टाक्यासाठी हजार टाके वाया घालवतेस."

तीन दिवस तिने ऐकलं नाही. चौथ्या दिवशी सुई घेतली आणि बाहेर जायच्या सगळ्या कुंच्यांचे शेवटचे टाके स्वतःच घातले. दुसऱ्याच्या वाटणीचा लाडू आपण उचलून खाल्ल्यासारखं तिला झालं. पण तारे चढले, तक्रारी थांबल्या, आणि ॲपवाल्यांचं दुसरं पत्र आलं ते अभिनंदनाचं. सहा महिने असे गेले. टाका घालताना ती मनात जमुनाआत्याची माफी मागायची. आत्या जाऊन तोवर सात वर्षं झाली होती.

आता मननकडे येते. मनन धारला बँकेत, त्याची बायको माधवी त्याच बँकेत. माधवीचं माहेर मनावरचं. वडील जयसिंगराव शांत गृहस्थ, घरात चालायचं ते आईचं, म्हणजे इंदिराबाईंचं. आवाज खणखणीत, बोलणं सडेतोड, मनात काही ठेवायचं नाही असा बाणा. माधवीचं डोहाळजेवण मनावरलाच झालं. इरावती हौसेने गेली, तांदूळ, नारळ, हिरवा खण घेऊन. ओटी भरायला पुढे झाली, तेवढ्यात सगळ्या बायकांसमोर इंदिराबाई गोड आवाजात म्हणाल्या, "इरावतीबाई, तुम्ही बसा हो. ओटी दुसरं कुणीतरी भरेल."

माधवीने मान वर केली, पण बोलायला तिला सुचलं नाही. मनन बाहेर आचाऱ्यापाशी होता. इरावती बसली. जेवली. श्रीखंडाची तारीफसुद्धा केली. परतीच्या बसमध्ये मात्र धार येईपर्यंत तिने खिडकीकडून तोंड वळवलं नाही. मननला काही सांगितलं नाही, कारण भावाच्या सासरी आपल्यावरून भांडण नको होतं.

मग एका सकाळी मननचा फोन. "ताई! मुलगा झाला! तू आत्या झालीस!"

इरावतीने चक्कीवर दळायला आलेल्या सगळ्यांना पेढे वाटले. पिठाचे हात पुसत पुसत लोकांनी खाल्ले. "बारसं कधी?" तिने मननला विचारलं. तो म्हणाला, "बाराव्या दिवशी, मनावरलाच. माधवीची आई सगळं ठरवून राहिल्यात, मी कळवतो तुला." मग तीन दिवस काही कळवलं नाही. दवाखान्याच्या धावपळीत पोरगा विसरला असेल, पण इरावतीच्या मनाने घ्यायचं ते घेतलं.

तिच्याकडे जमुनाआत्याचा शेवटचा खण होता, लाल, जरीच्या काठाचा. तो तिने पेटीतून काढला, कात्री घेतली, आणि पुन्हा पेटीत ठेवला. आपण कुंची पाठवायची, आणि उद्या मनावरच्या गल्लीत भांडीवालीच्या गाठोड्यात ती कुणाला दिसायची? परक्याच्या घरचं सोसलं. भावाच्या घरचं सोसलं नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. नवी ऑर्डर. एक कुंची, लाल, तान्ह्या बाळासाठी, जरा लवकर पाठवा. पत्ता मनावरचा. नाव इंदिराबाईंचं.

इरावतीने ते तीनदा वाचलं. मग अंशुलला दाखवलं. इंदिराबाईंना 'जमुना कुंची' कुणाची आहे ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी नातवासाठी कुंची मागवली होती, बस. आता टाका घालून पाठवली तर पाकिटावरचं बारीक नाव कुणी वाचत बसलं नसतं, कुणाला काही कळणार नव्हतं. भाच्याच्या डोक्यावर आत्याची कुंची चढली असती आणि आत्या देवासला बसून राहिली असती. टाका सोडून पाठवली, तर मात्र त्या विचारणार, हा कुणी घालायचा? आणि पाकिटावर छापलेलं पाठवणारीचं नाव वाचणार. मग कुंची परत येईल. ती परत आली असती तर इरावतीने पुन्हा कुणाच्या बाळासाठी सुई हातात धरली नसती, हे तिला पक्कं माहीत होतं.

"काय करू?" तिने विचारलं.

अंशुलने या वेळी त्रैराशिक मांडलं नाही. "कुंची तुझी, टाका तुझा," एवढंच म्हणाला आणि शाळेत गेला.

तिने खण पुन्हा बाहेर काढला. दिवसभर बसून शिवला, आतून जुन्या मलमलीचं अस्तर लावलं, कारण नवं बाळाला टोचतं. झालर स्वतः घातली, चक्कीवालीला हात लावू दिला नाही. डाव्या बंदाच्या मुळाशी आली आणि थांबली. लाल दोरा चार बोटं लोंबता ठेवला. मग एका कागदावर, ऑर्डर हिंदीत आली असली तरी, मराठीत लिहिलं:

'या कुंचीचा एक टाका मुद्दाम सोडला आहे. तो बाळाच्या आत्याने घालायचा. ही रीत माझ्या जमुनाआत्याची. तिला मूल नव्हतं. धारच्या कितीतरी बाळांनी तिच्या हातच्या कुंच्या घातल्या, आणि ती सगळी सुखाने वाढली. त्यांतला एक माझा भाऊ.'

चारला कुरियरवाला आला. पाकीट त्याच्या हातात देताना तिची बोटं सुटेनात. तो म्हणाला, "दीदी, छोड़ो तो ले जाऊँ." तिने सोडलं.

पाकीट गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. खाली चक्की जोरात चालली होती.

"जमुना कुंची का? मी मनावरहून बोलतेय. तुमच्या कुंचीचा टाका राहिलाय."

आवाज ओळखायला इरावतीला क्षणही लागला नाही. "तो... मुद्दाम ठेवलाय. चिठ्ठीत लिहिलंय."

"चिठ्ठी वाचली. चष्मा लावून दोनदा वाचली. आत्याने घालायचा म्हणता."

"हो."

"आणि दुसऱ्या कुणी घातला तर?"

इरावतीने डोळे मिटले. "दुसऱ्या कुणी घातला तरी चालेल. टाकाच तर आहे."

"असं कसं चालेल?" इंदिराबाई कडाडल्या. "चिठ्ठीत एक लिहिता आणि तोंडाने एक बोलता? आत्याने म्हणजे आत्याने! बारसं गुरुवारी आहे, सकाळी अकराला. देवासहून पहाटेची बस धरा, इंदूरला बदलावी लागेल. तुम्ही येताय, की मी पोराला बिनटाक्याची कुंची घालू?"

इरावतीने मोबाईल कानाला आणखी घट्ट लावला.

"इरावतीबाई, ऐकताय ना? तुमच्याकडे ते काय घरघरतंय, ते बंद करायला सांगा जरा."

"चक्की आहे ती," इरावती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

इंदिराबाईंचा आवाज खाली आला. "पाकिटावर नाव वाचलं आणि तासभर नुसती बसून होते. त्या दिवशी मी तुम्हाला बसा म्हणाले. माधवीचं आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. मी फार भ्यायले होते हो. भीतीने माणूस आंधळं होतं. पण माझं चुकलं."

"अहो, असू द्या..."

"असू कसं द्या? चुकलं म्हणतेय तर म्हणू तरी द्या! आणि येताना सुई आणा. आमच्या घरी नेढ्यात दोरा ओवायला कुणालाच दिसत नाही."

गुरुवारी पहाटे अंशुलने शाळेतून सुट्टी घेतली आणि दोघं निघाले. मनावरच्या घरात बायकांनी खोली भरली होती, पाळणा झेंडूच्या फुलांनी झाकला होता. माधवीने वाकून नमस्कार केला आणि कानाशी म्हणाली, "ताई, आईला लिंक मीच दिली होती. दुकान तुमचं आहे, हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी गप्प बसले ना, त्याचं मला फार लागून राहिलं होतं."

"आणि मी टाका घालून पाठवली असती तर?"

"तर मी उसवला असता," माधवी म्हणाली.

इरावतीने सुई काढली. इतकी वर्षं रोज शिवणारी बाई, पण त्या दिवशी तिला नेढं दिसेना. डोळे पुसले, पुन्हा भरले. खोलीतल्या बायका बघत होत्या. तेव्हा इंदिराबाई पुढे आल्या, जमिनीवर तिच्यासमोर बसल्या आणि कुंचीचा डावा बंद दोन्ही हातांनी ताणून धरला. "घाला सावकाश," त्या म्हणाल्या. "मी धरलंय."

टाका घातला. गाठ मारली, घट्ट. कुंची बाळाच्या डोक्यावर चढवली, बंद बांधले. मग तिने वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं आणि राजवर्धन हे नाव सांगितलं. घरात त्याला आधीच सगळे चिंटू म्हणायला लागले होते, तो भाग वेगळा. नाव सांगितलं रे सांगितलं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तसे पडले. सगळ्यात जोराचा इंदिराबाईंचा होता. इरावती सांगते, पाठ दोन दिवस दुखत होती, आणि तिने औषध लावलं नाही.

तेव्हापासून 'जमुना कुंची'मधून जाणाऱ्या एकाही कुंचीचा शेवटचा टाका ती घालत नाही. तीच चिठ्ठी तिने छापून घेतली आहे, एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी, आणि आत्याला मूल नव्हतं हे वाक्य दोन्हीकडे तसंच ठेवलंय. माल आता क्वचितच परत येतो. येतात ते फोटो. कुणाची बुआ, कुणाची आत्या, कुठे बापाचीच नव्वदीची आत्या, सगळ्या डोळे बारीक करून एक टाका घालताना. इरावती ते फोटो जपून ठेवते आणि संध्याकाळी चक्की थांबली की एकेक बघत बसते. देवाने एक दिलं नाही, म्हणते, पण बाकी किती दिलं ते मोजायला बसले तर शिवायचं कधी?

बारशानंतर दोन दिवसांनी मोबाईल वाजला. दुकानावर नवा अभिप्राय आला होता. पाचच्या पाच तारे, आणि खाली मराठीत, एकेक अक्षर शोधून टाइप केल्यासारखं: 'माल चांगला. एक टाका राहिला होता. आमची आत्या येऊन घालून गेली.'